बंदुकीच्या एका मुद्द्यावर राष्ट्राध्यक्ष निवडावा का?

नमस्कार,

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून त्याचा गाभा आधी इतर वाचकांपुढे ठेवते. तुम्ही मूळचे साताऱ्याचे, बरीच वर्षं पिट्सबर्गच्या उपनगरात राहता. नागरिकत्वाची शपथ घेऊन झाली आहे आणि 2028 मध्ये तुम्ही पहिल्यांदा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षासाठी मत देणार आहात. मागच्या गल्लीत घरफोडी झाल्यावर तुम्ही पिस्तूल घेतलंत, नेमबाजीच्या सरावाला रेंजवर जायला लागलात आणि तिथे चांगले मित्र मिळाले. त्यांचं म्हणणं, "बंदुकीच्या हक्कावर कोण ठाम आहे तेवढं बघ, बाकी सगळं त्याच्या मागून येतं." वहिनी शाळेत मदतनीस शिक्षिका आहेत, मुलगी नववीत आहे. वहिनींचं मत नेमकं उलट: जो बंदुकांवर बंदी आणेल त्यालाच मत. आता जेवताना हा विषय निघाला की कुणीतरी ताटावरून उठतं, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे प्रश्न तीन आहेत. एका मुद्द्यावर मत देणं चूक आहे का? बंदुकीबाबत जो पटतो तो नेता म्हणून पटत नसेल तर काय करायचं? आणि रेंजवरच्या मित्रांना काय सांगायचं?

कुणाला मत द्या हे मी सांगणार नाही. मत कसं ठरवावं याबद्दल मात्र माझं स्वतःचं मत आहे आणि ते आडपडदा न ठेवता सांगते.

आधी तुमच्या बाजूने बोलते, कारण आपल्या लोकांत तुमच्यासारख्याला पटकन "तू पण त्यांच्यातला झालास का" असं ऐकावं लागतं. भारतात बंदूक ही सरकारने दिली तर मिळणारी गोष्ट. जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करा, कारण पटवून द्या, आणि निवडणूक आली की परवान्याचं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. अमेरिकेत हे चित्र उलटं आहे. 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आणि 2008 च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितलं की तो व्यक्तीचा हक्क आहे, घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं त्यात बसतं. तुमच्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेत तर हा हक्क अठराव्या शतकापासून स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी तुमच्याकडे कित्येक शाळांना अजून सुट्टी असते ती हरणांच्या शिकारीपायी. तेव्हा तुमचे रेंजवरचे मित्र कुठलं खूळ डोक्यात घेऊन बसलेले नाहीत. ते त्या मातीतले आहेत आणि तुम्ही त्यांच्या हक्काचे आता बरोबरीचे वाटेकरी आहात.

आता वहिनींच्या बाजूने. त्या ज्या इमारतीत रोज जातात तिथे लॉकडाउनचा, म्हणजे बंदूकधारी शाळेत घुसला तर काय करायचं याचा सराव होतो: दिवा बंद, दाराला कडी, मुलं खिडकीपासून लांब कोपऱ्यात, तोंडातून आवाज नाही. लहान मुलांना तसं बसवायचं काम शिक्षकांचं आणि मदतनिसांचं. तुमच्या घरापासून स्क्विरल हिल फार लांब नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये तिथल्या ज्यूंच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला आलेल्या 11 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. ऑगस्ट 2012 मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीकमध्ये गुरुद्वारा, फेब्रुवारी 2017 मध्ये कॅन्ससच्या ओलेथेमध्ये बारमध्ये बसलेला हैदराबादचा इंजिनियर. आपल्या रंगाच्या माणसांना हे लांबचं राहिलेलं नाही. वहिनी भावनेच्या भरात बोलतात असं तुम्ही पत्रात एके ठिकाणी म्हटलंय. ते वाक्य तुम्ही मागे घ्यावं असं मला वाटतं. त्या रोज जिथे काम करतात तिथलं त्या बोलत आहेत.

पहिला प्रश्न. एका मुद्द्यावर मत देण्यात पाप काही नाही. मत तुमचं आहे, त्याचं कारण कुणाला द्यायला तुम्ही बांधील नाही. पण ज्या मुद्द्यावर मत द्यायचं तो मुद्दा ज्या खुर्चीसाठी मत देताय त्या खुर्चीच्या हातात किती आहे, हे आधी तपासा. इथेच तुम्ही दोघंही गडबड करताय असं मला दिसतं.

घराबाहेर पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना तुम्हाला कोण देतो? काउंटीचा शेरीफ. दुकानात खरेदीच्या वेळी खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी कोण करतं? तुमच्याकडे ती राज्य पोलिसांमार्फत होते. एखाद्या माणसाची घरच्यांना भीती वाटत असेल तर कोर्टाच्या आदेशाने त्याच्याकडची बंदूक काही काळ काढून घ्यायची, हा जो 'रेड फ्लॅग' कायदा अनेक राज्यांत आहे, त्याचं विधेयक पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधिगृहाने 2023 मध्ये मंजूर केलं आणि राज्याच्या सिनेटमध्ये ते अडलं. फिलाडेल्फियाला स्वतःचे कडक नियम करायचे असतात, पण राज्याचा कायदा शहराला ते करू देत नाही. हे सगळं राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गमध्ये ठरतं. तुमचा राज्य सिनेटर कोण आहे हे तुम्हा दोघांना सांगता येईल का? राष्ट्राध्यक्षावरून ताटावरून उठणाऱ्या घरात ते नाव माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

वॉशिंग्टनमध्येही राष्ट्राध्यक्षाचे हात बांधलेले असतात. डिसेंबर 2012 मध्ये कनेटिकटच्या सँडी हूक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. देश हादरला होता, ओबामा नुकते दुसऱ्यांदा निवडून आले होते. तरी एप्रिल 2013 मध्ये बॅकग्राउंड चेकची, म्हणजे खरेदीदाराच्या या तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव सिनेटमध्ये 54 मतांवर पडला, कारण 60 लागत होती. काही लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर 1994 मध्ये बंदी आली ती काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या कायद्याने, आणि 2004 मध्ये ती संपली कारण काँग्रेसने मुदत वाढवली नाही. धाकटे बुश तर म्हणाले होते की मुदतवाढ आली तर मी सही करीन. त्यांच्या टेबलावर ती आलीच नाही. म्हणजे वहिनींना हवी ती बंदी कुठलाही राष्ट्राध्यक्ष एकट्याने आणू शकत नाही. आणि तुम्हाला ज्याची धास्ती आहे, की कुणीतरी निवडून येईल आणि कपाटातलं पिस्तूल घेऊन जाईल, तेही हेलरनंतर एका सहीने होणारं काम नाही.

मग राष्ट्राध्यक्षाच्या हातात काय आहे? तीन गोष्टी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली, आणि सगळ्यांत जड, न्यायाधीशांची नेमणूक. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत सुप्रीम कोर्टावर गॉर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट हे तिघे नेमले. 2022 च्या ब्रुएन खटल्यात याच कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कची शंभर वर्षांहून जुनी परवाना-पद्धत रद्द केली आणि घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. दुसरी गोष्ट एटीएफ, म्हणजे बंदूक-विक्रेत्यांवर नजर ठेवणारं केंद्रीय खातं. बायडन यांच्या काळात नियम मोडणाऱ्या दुकानांचे परवाने रद्द करायचं धोरण कडक झालं, 2025 मध्ये ट्रम्प परत आल्यावर ते मागे घेतलं गेलं. कायद्याचा कागद तोच होता, फक्त राबवणारा हात बदलला. तिसरी, सही किंवा नकाराधिकार. मे 2022 मध्ये टेक्सासच्या युवाल्डीमध्ये 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्यावर सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या मिळून 65 मतांनी कायदा झाला: 21 वर्षांखालच्या खरेदीदाराची जास्त तपासणी, जोडीदाराला मारहाण केलेल्यांवर निर्बंध, राज्यांना पैसे. त्यावर बायडन यांनी सही केली.

आता एक गोष्ट जरा थांबून बघा, कारण रेंजवर ती कुणी सांगणार नाही आणि वहिनींच्या स्टाफरूममध्येही नाही. बंदुकीच्या बाबतीत राष्ट्राध्यक्षांवर जी लेबलं लागली ती आणि त्यांच्या हातून झालेलं काम यांचा मेळ फार कमी वेळा बसतो.

रेगन बंदूकवाल्यांचे लाडके. 1986 मध्ये त्यांनी बंदूकमालकांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच कायद्याने सामान्य नागरिकांसाठी नव्या मशीनगन बंद झाल्या. त्याआधी 1967 मध्ये, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना, भरलेली बंदूक उघडपणे घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी घालणारा कायदा त्यांच्याच सहीने झाला होता. 1981 मध्ये त्यांना स्वतःला गोळी लागली, त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी जन्मभरासाठी अधू झाले, आणि 1991 मध्ये रेगन यांनी पिस्तूल विकण्याआधी खरेदीदाराची तपासणी मागणाऱ्या ब्रेडी विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला. ओबामांना लोक बंदुका काढून घेणारा माणूस म्हणायचे. त्यांच्या सहीने 2009 मध्ये काय झालं असेल? राष्ट्रीय उद्यानांत बंदूक न्यायची मोकळीक मिळाली. आणि ट्रम्प: लास व्हेगासच्या 2017 च्या हत्याकांडानंतर बंदुकीला भराभर गोळ्या झाडायला मदत करणाऱ्या 'बंप स्टॉक'वर बंदी आणली ती त्यांच्याच प्रशासनाने, डिसेंबर 2018 मध्ये. फेब्रुवारी 2018 मध्ये व्हाइट हाउसच्या बैठकीत, कॅमेऱ्यांसमोर, ते म्हणाले होते की धोकादायक माणसाची बंदूक आधी काढून घ्या, कायदेशीर प्रक्रिया नंतर. ती बंप स्टॉकवरची बंदी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली, आणि रद्द करणाऱ्या सहा न्यायाधीशांत ट्रम्प यांनी नेमलेले तिघेही होते. कमला हॅरिस यांनी 2019 मध्ये काही बंदुका सरकारने सक्तीने विकत घ्याव्यात असं म्हटलं, 2024 च्या प्रचारात ती मागणी सोडली आणि आपल्याकडे ग्लॉक पिस्तूल आहे असं सांगितलं.

यांतलं कोण बरोबर, कोण चूक हा माझा विषय नाही. माझं म्हणणं एवढंच की प्रचारातलं वाक्य हे तुमच्या हक्काचं तारण नव्हे. कठीण प्रसंग आल्यावर हा माणूस कुणाचं ऐकेल, किती अभ्यास करेल, दिलेला शब्द किती पाळेल, यावर पुढचं सगळं ठरतं. आणि ते तपासायला बंदुकीचा मुद्दा पुरत नाही, अख्खा माणूस बघावा लागतो.

आणखी एक उदाहरण देते, ते मला वर्षानुवर्षं सतावतं. 16 एप्रिल 2007, व्हर्जिनिया टेक. 32 जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती, तमिळनाडूतून येऊन तिथे वर्षानुवर्षं शिकवणारे एक प्राध्यापक होते. मारेकरी विद्यार्थ्याबद्दल डिसेंबर 2005 मध्येच व्हर्जिनियाच्या न्यायासनाने म्हटलं होतं की मानसिक आजारामुळे हा स्वतःला धोका आहे, आणि बाहेरून उपचार घ्यायचा आदेश दिला होता. केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा माणसाला बंदूक मिळायला नको. पण राज्यात पद्धत अशी होती की इस्पितळात दाखल केलेल्यांचीच नावं तपासणीच्या यादीत पाठवायची. बाहेरून उपचार घेणाऱ्याचं नाव गेलं नाही. 2007 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्याने दोन पिस्तुलं घेतली, दोन्ही वेळा तपासणी झाली, दोन्ही वेळा संगणकाने हिरवा कंदील दिला. दुकानदाराने कायदा मोडला नाही, कुणाचा हक्क नाकारला गेला नाही. कायदा होता, तपासणी होती, नोंद नव्हती.

पुढे काय झालं तेही सांगते. त्या राज्याचे गव्हर्नर टिम केन यांनी त्याच महिन्यात आदेश काढून ती फट बुजवली. आणि जानेवारी 2008 मध्ये बुश यांनी राज्यांनी अशा नोंदी केंद्राकडे पाठवाव्यात म्हणून केलेल्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या मागे बंदूकमालकांची संघटना एनआरए होती आणि ब्रेडी यांच्या नावाने चालणारी बंदूक-नियंत्रणवाल्यांची संघटनाही. दहा वर्षांनी, नोव्हेंबर 2017 मध्ये, टेक्सासच्या सदरलँड स्प्रिंग्जमधल्या चर्चमध्ये पुन्हा तेच: हवाई दलाने आपल्या माजी शिपायाच्या शिक्षेची नोंद पाठवलीच नव्हती. त्याच्या मधे, 2015 मध्ये, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याची तपासणी तीन कामकाजी दिवसांत पूर्ण झाली नाही आणि नियमाप्रमाणे विक्री झाली.

मी नेतृत्व म्हणते ते हे. भाषण ऐकून अंगावर काटा येतो ते वेगळं. नेत्याने नेमलेली माणसं आपलं काम जाणणारी आहेत का, खात्याखात्यांतून कागद वेळेवर पुढे सरकतो का, चूक उघडकीला आली की ती बुजवायला तो विरोधकाबरोबर बसतो का, यावर तुमचा हक्क आणि वहिनींची शाळा दोन्ही अवलंबून आहेत. तपासणी चोख असली तर तुमच्यासारख्या कायदा पाळणाऱ्या माणसाला दुकानात खोळंबावं लागत नाही आणि ज्याला बंदूक मिळायला नको त्याला ती मिळत नाही. निष्काळजी माणूस वर बसला की दोघांचंही नुकसान होतं, तो बंदुकीच्या बाजूचा असो की विरोधातला.

म्हणून उमेदवार जोखताना मी स्वतः काय बघते ते सांगते. त्याने याआधी कुठलं मोठं काम चालवलं, राज्य, खातं, शहर, काहीही, आणि तिथली हाताखालची माणसं त्याच्याबद्दल नंतर काय बोलली. वाईट बातमी आणणाऱ्याला तो कसं वागवतो. 1962 च्या ऑक्टोबरमध्ये क्युबात रशियन क्षेपणास्त्रं सापडली तेव्हा केनेडी मुद्दाम काही बैठकांना गेले नाहीत, आपल्यासमोर सल्लागार मोकळेपणाने बोलणार नाहीत म्हणून. जग अणुयुद्धाच्या काठावर असताना एवढा संयम दाखवणारा माणूस, बंदुकीबद्दल त्याचं मत काहीही असो, मला खुर्चीवर हवा. (केनेडी एनआरएचे आजीव सभासद होते आणि टपालाने मागवलेल्या रायफलने मारले गेले. अशा हत्यांनंतर 1968 च्या कायद्याने ती टपालाची विक्री थांबली.)

आणि कुठे गोळीबार झाला की उमेदवार पहिल्या दोन दिवसांत काय बोलतो, ते आवर्जून ऐका. मारेकरी कोण, का केलं, हे कळायच्या आधीच तो कुणावर बोट ठेवतो का? मेलेल्यांची चौकशी आधी की आपला मुद्दा आधी? जुलै 2024 मध्ये तुमच्याच शेजारी, बटलरला, ट्रम्प यांच्यावर सभेत गोळ्या झाडल्या गेल्या, सभेला आलेला एक माणूस गेला. त्या रात्री बायडन यांनी ट्रम्प यांना फोन केला, आपल्या प्रचाराच्या जाहिराती थांबवल्या. असे प्रसंग दोन्ही पक्षांच्या लोकांच्या वाट्याला येतात. त्या वेळचं वागणं जपून ठेवा, वादसभेतली टाळ्यांची वाक्यं विसरलात तरी चालेल.

तुमचा दुसरा प्रश्न खरा अवघड आहे. बंदुकीबाबत पटतो, नेता म्हणून पटत नाही. माझं उत्तर असं: ज्या गोष्टीला इतर राखणदार आहेत, तिथे थोडी उणीव चालवून घेता येते. ज्या गोष्टीला एकच राखणदार आहे, तिथे नाही. तुमच्या पिस्तुलाला हेलरचा निकाल आहे, पेनसिल्व्हेनियाची राज्यघटना आहे, सिनेटमधली 60 मतांची अट आहे. राष्ट्राध्यक्ष मनाविरुद्धचा आला तरी चार वर्षांत हे तिन्ही बुरूज ढासळत नाहीत. पण सैन्याला हुकूम देणं, अण्वस्त्रांचा निर्णय, गुन्हेगारांना माफी देणं, ही कामं एकट्या राष्ट्राध्यक्षाची. तिथे त्याचा विवेक सोडून मधे कुणी नाही. ज्या माणसाच्या हातात हे द्यायला मन धजत नाही, त्याला केवळ बंदुकीपायी मत देऊ नका. वहिनींनाही हेच सांगेन. बंदीचं वचन देणारा उमेदवार कच्चा निघाला तर बंदी तर येणारच नाही, वर बाकीचं सगळं हातचं जाईल.

तुमच्या मित्रांची एक बाजू यात खरोखर वजनदार आहे, ती नाकारणार नाही. न्यायाधीश आयुष्यभरासाठी असतात. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांत जातो, त्याने नेमलेला न्यायाधीश तुमची मुलगी चाळिशीला येईपर्यंत कोर्टात बसलेला असू शकतो. तेव्हा बंदुकीच्या हक्कासाठी मी न्यायाधीश बघून मत देतो, असं कुणी म्हणालं तर ते समजून घेण्यासारखं आहे. फक्त एवढं ध्यानात घ्या की तोच न्यायाधीश बंदुकीपुरता बसत नाही. 20 जानेवारी 2025 ला आदेश निघाला की तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना नागरिक मानायचं नाही, आणि तो वाद कोर्टात गेला. तुमच्या महाराष्ट्र मंडळात एच-1बी वर असलेली तरुण जोडपी किती आहेत? त्यांच्या बाळांचा निकालही तीच माणसं देतात. शिवाय 2024 च्या रहिमी खटल्यात याच कोर्टाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं की घरगुती हिंसेमुळे कोर्टाचा मनाई आदेश असलेल्याकडून बंदूक काढून घेता येते. हक्कावर ठाम असलेले न्यायाधीशही हक्काला कुंपण असतं असं मानतात. जेवताना वाद होईल तेव्हा या निकालापासून बोलायला सुरुवात करा. मला वाटतं, तुम्हा दोघांनाही तो पटेल.

एच-1बी वरून आठवलं. व्हिसावर आलेल्या मित्रांना, विद्यार्थ्यांना किंवा भारतातून भेटीला आलेल्या मेव्हण्याला हौसेने रेंजवर नेऊ नका. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक हातात घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि त्यात पुढचं ग्रीन कार्ड जाऊ शकतं.

आता घरचं. तुम्ही विचारलेलं नाही, तरी नववीतली मुलगी घरात आहे म्हणून बोलते. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे 46,700 माणसं गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त, 27,000 च्या वर, आत्महत्या होत्या. परक्या चोराचा विचार करून घेतलेलं हत्यार घरातल्याच कुणाच्या एका वाईट रात्री हाती लागतं. तुमचं पिस्तूल बेडजवळच्या खणात आहे असं तुम्ही लिहिलंय. ते आजच कुलपाच्या पेटीत ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा, आकडा मुलीला कळता कामा नये. यासाठी कुठल्याही राष्ट्राध्यक्षाची वाट बघायची गरज नाही. आणि वहिनींना तुम्ही हे करून दाखवलंत तर पुढचं बोलणं पुष्कळ सोपं जाईल, कारण त्यांना तुमचा हक्क टोचत नाही, ते उघड्यावरचं पिस्तूल टोचतं, असं तुमच्याच पत्रावरून मला वाटतं.

वहिनींशी बोलताना उमेदवारांची नावं आधी काढू नका. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा: राष्ट्राध्यक्षाकडून मला कशाची सगळ्यांत जास्त भीती वाटते, आणि कुठली एक गोष्ट केली तर मी त्याचं बाकी बरंच पोटात घालीन. मग कागद बदलून वाचा. मुलीलाही बोलवा. 2028 मध्ये तिला मत नसेल, पण लॉकडाउनच्या सरावात भिंतीला टेकून ती बसते, तुम्ही दोघं नाही.

वेळापत्रकाचंही बघा. 2028 मध्ये सध्याचे राष्ट्राध्यक्ष पुन्हा उभे राहू शकत नाहीत, त्यामुळे दोन्ही पक्षांत चुरस असेल आणि खरी निवड वसंतातल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात होईल. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंद असते: ज्या पक्षात नाव नोंदवलं त्याच पक्षाच्या उमेदवारांत निवड करता येते, कुठल्याच पक्षात नसाल तर या निवडीत तुम्हाला जागा नाही. नोंदणी किंवा पक्षबदल निदान 15 दिवस आधी व्हायला हवा. बंदुकीचा हक्क मानणारा आणि शिवाय खुर्ची पेलणारा उमेदवार हवा असेल, किंवा वहिनींना शाळांची काळजी वाहणारा आणि काँग्रेसमधून काम काढून घेणारा हवा असेल, तर तो शोधायची वेळ तेव्हाची आहे. नोव्हेंबरात समोर बहुतेक दोनच नावं उरतात आणि मग "दगडापेक्षा वीट मऊ" म्हणत मत द्यावं लागतं. तुमच्या राज्यात 2016 ची निवडणूक 60 लाखांवर मतांत जेमतेम 44,000 च्या फरकाने ठरली होती, तेव्हा एका घरातली दोन मतं तिथे हलकी नाहीत.

रेंजवरच्या मित्रांना काय सांगायचं? तुम्हाला जे पटलंय ते सांगा: मी हक्क मानतो, न्यायाधीशांचा विचार करतो, पण सैन्य ज्याच्या हाती द्यायचं त्याला आधी तेवढ्यासाठी जोखतो. चांगले मित्र असतील तर वाद घालतील आणि पुढच्या रविवारी परत बोलावतील. सांगायचं नसेल तर सांगू नका. मत कुणाला दिलंत हे कुणालाही कळत नाही. नोंदणी कुठल्या पक्षात आहे आणि तुम्ही मतदानाला गेलात की नाही, हे मात्र मतदार यादीत दिसतं आणि ती यादी लोकांना मिळते. तेव्हा पक्ष निवडताना तो मित्रांना काय वाटेल यावर निवडू नका. ज्या प्रायमरीत तुम्हाला खरोखर कुणाला तरी पुढे आणायचंय, त्या पक्षात नाव घाला, आणि वहिनींचं नाव दुसऱ्या पक्षात असलं तर ते तसंच राहू द्या.